फोटोच्या पाठीवरचे तीन शिक्के

“एक तर मी वेडी झालेय, नाहीतर माझा फोटो बदललाय. दोन्हींतलं खरं काय तेवढं सांगा.”

व्हेरोनिकाबाई सोल्टिस खुर्चीत टेकायच्या आधीच हे बोलून मोकळ्या झाल्या. वय एक्क्याऐंशी, हातात काठी, काखेत जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली एक फ्रेम. नजर इतकी अधू की टेस गॅव्हिगन समजून त्या कपाटाशीच बोलत होत्या. वॉल्टने हळूच खुर्ची फिरवली.

वॉल्ट ब्रेनिक टेसचा मदतनीस. म्हणजे तो स्वतःला तसं म्हणवून घ्यायचा. तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेला हा माणूस टेसची गाडी चालवायचा, कारण विमा कंपनीत भल्याभल्यांचे खोटे दावे उघडे पाडलेली टेस चारदा परीक्षा देऊनही गाडी शिकली नव्हती. खाजगी तपासाची पाटी तिची, पेट्रोल त्याचं.

“फोटो कुणाचा?” टेसने विचारलं.

“माझ्या वडिलांचा. अँड्रू हुदाक. लँडर्स गॅपच्या खाणीच्या बेसबॉल टीमचे पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे. चौतीस सालच्या ऑक्टोबरात, दोन तारखेला, खाण कोसळली तेव्हा आत होते. मी चार वर्षांचीसुद्धा नव्हते.” बाईंनी अभ्रा सोडला. “अंत्यविधीनंतर ‘लँटर्न’ पेपरचा माणूस हा आईच्या हातात देऊन गेला. आईने फ्रेम केला, तो आजवर कुणी उघडला नाही. घरात दुसरा फोटो नाही. आणि खरं सांगू? मला वडिलांचं काहीसुद्धा आठवत नाही. आवाज नाही, वास नाही. मला आठवतो तो हा फोटो.”

वॉल्टने वाकून पाहिलं. साधा, बिनअक्षरी गणवेश घातलेला एक उंच, सडपातळ तरुण चेंडू फेकायच्या पवित्र्यात उभा होता. टोपीच्या सावलीत अर्धा चेहरा बुडालेला. जुना फोटो, झकास फोटो. त्याला काही वावगं दिसेना.

“बदललाय कशावरून?”

“काचेच्या उजव्या कोपऱ्यात एक बुडबुडा होता. जुनी काच ना! रोज सकाळी त्यावर अंगठा ठेवायचा आणि मग चहा टाकायचा, अशी माझी सवय. डाव्या कोपऱ्यात फोटो काचेला चिकटून बसलेला होता, अगदी डोळ्याशी धरला की ओल धरल्यासारखा डाग दिसायचा. आता बुडबुडा नाही, डाग नाही. मुलाला सांगितलं तर म्हणतो, आई, बुडबुडा कधी नव्हताच. सोमवारी मला डोक्याच्या डॉक्टरकडे नेणार आहे.”

टेसने फ्रेम उचलली, काचेवरून बोट फिरवलं आणि वॉल्टकडे पाहिलं. “लिओच्या बारमध्ये जा आणि नोटा तपासायचा तो जांभळा दिवा मागून आण. आणि हो, तिथे बसू नकोस.”

वॉल्ट पंधरा मिनिटांत आला. म्हणजे फारसा बसला नाही.

तोवर टेसने फ्रेमचे खिळे काढून ठेवले होते. फोटो आणि काच यांच्यामध्ये चारही बाजूंनी पांढऱ्या पुठ्ठ्याच्या बारीक पट्ट्या होत्या, एकीसारखी दुसरी, धारदार पात्याने कापलेल्या. फोटोची पाठ कोरी करकरीत होती.

“या पट्ट्या तुमच्या आईने लावलेल्या?”

“छे! आईने फोटो सरळ काचेला टेकवला होता. म्हणून तर चिकटला.”

टेसने पडदा ओढला आणि दिवा लावला. फोटोचा कागद धुतलेल्या सदऱ्यासारखा निळापांढरा उजळला.

“चौतीस सालचा कागद असा चमकत नाही,” ती म्हणाली. “कागदाला पांढरेपणा आणणारी रसायनं त्यानंतर वीसेक वर्षांनी आली. हा फोटो ताजा आहे, बाई. तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही. डॉक्टरला सुट्टी द्या.”

वॉल्टला वाटलं, बाई आता हसतील. बाईंनी काठी घट्ट धरली.

“मी वेडी नाही, बरं झालं,” त्या म्हणाल्या. “पण मग माझा बाप कुठाय?”

टेसने वही उघडली.

गोष्ट साधी होती. गावच्या लायब्ररीत खाण-लीगच्या जुन्या बेसबॉल टीमचं प्रदर्शन भरणार होतं. मुलगा जीन याने सोमवारी फ्रेम लायब्ररीत नेऊन दिली. तिथल्या लॉरेनने कॅमेऱ्याने फोटोचा फोटो घेतला. बुधवारी रात्री फ्रेम हॅरॉल्ड योस्टच्या घरी होती. तो जुन्या बेसबॉल फोटोंचा संग्राहक, अस्सल काय नि नक्कल काय ते सांगणारा पंचक्रोशीतला एकमेव माणूस. गुरुवारी फ्रेम लायब्ररीत परत गेली, शुक्रवारी जीनच्या गाडीच्या डिकीत राहिली आणि शनिवारी पुन्हा भिंतीवर आली.

“तिघांपैकी संशय कुणावर?”

“कुणावर घेऊ? एक पोटचा पोर. लॉरेनला मी हातावर चॉकलेट ठेवून वाढवलेली. आणि हॅरॉल्ड...” बाई थांबल्या. “हॅरॉल्ड वीस वर्षं दर गुरुवारी माझ्याकडे जेवतो. त्याची बायको गेली तेव्हापासून. हल्ली दोन गुरुवार फिरकला नाही. पोट बिघडलंय म्हणे. माझ्या हातचं खाऊन कधी कुणाचं पोट बिघडलं नाही!”

*

जीन सोल्टिस गॅरेजात गाडीखाली आडवा झालेला सापडला. तिथूनच बोलला.

“फोटो तोच आहे हो! आईचं वय झालंय.”

“दिव्याखाली चमकला, जीन. नक्कल आहे.”

जीन सरपटत बाहेर आला. तोंडाला तेल फासलेलं, डोळे मोठे. “आयला! म्हणजे आई खरं बोलत होती? आणि मी तिला...”

“डिकीत रात्रभर होता ना?”

“होता. पण मी उघडून कशाला बघू? हां, स्क्रँटनचा एक फोटोवाला दुकानदार फोन करायचा, जुने बेसबॉल फोटो आहेत का म्हणून. त्याला मी म्हटलं, माझ्या आजोबाला खाणीबाहेर कोण ओळखतं? फोटोला कवडी येणार नाही. तर तोही हो म्हणाला.”

गॅरेजच्या भिंतीवर जीनच्या लग्नाचा फोटो होता. काचेला चिकटून नवरीच्या गालावर मोठा तपकिरी डाग पडला होता. टेस त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

“हाच,” गाडीत बसताच वॉल्ट म्हणाला. “दुकानदाराचं नाव कसं आपणहून घेतलंन बघ. चोराच्या मनात चांदणं!”

“आपणहून घेतलं म्हणूनच हा नाही,” टेस म्हणाली. “लायब्ररीकडे घे.”

लायब्ररीत लॉरेन पॅस्टर्नाक शिडीवर चढून फ्रेमा टांगत होती. ऐकल्यावर ती खाली उतरून पायरीवरच बसली.

“माझ्या हातून? अरे देवा! मी काकूंना सहा महिने विनवत होते, फोटो लायब्ररीला कायमचा द्या म्हणून. लोक मलाच चोर म्हणणार.”

“नकला कुणाकडे आहेत?”

“कुणाकडे नाहीत ते विचारा! कॉम्प्युटरवर डाग काढून डझनभर छापून टेबलावर ठेवल्या होत्या, हव्या त्याने न्याव्यात. जाहिरात हो.” तिने नाक पुसलं. “मला तर फोटोची पाठही मांडायची होती. पेपरातल्या फोटोंच्या पाठीवर चिठ्ठ्या, शिक्के असतात, लोकांना गंमत वाटते. पण हॅरॉल्डकाका म्हणाले, पाठ कोरी आहे, मांडण्यासारखं काही नाही.”

टेसने टांगलेल्या फ्रेमा एकेक करून पाहिल्या. सगळे फोटो काचेला भिडलेले, कोपऱ्यात चिकटपट्टी.

“हॅरॉल्डकाका यावरून माझ्यावर ओरडतात,” लॉरेन ओशाळून म्हणाली. “पण शंभर फ्रेमा लावायच्यात, इतके लाड कोण करणार?”

*

हॅरॉल्ड योस्ट पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा. घर टापटीप, माणूस त्याहून टापटीप. दिवाणखान्याच्या चारही भिंतींवर बेसबॉल. वॉल्ट हरखून एका फोटोकडे बोट न्यायला लागला तसा हॅरॉल्ड दचकून ओरडला.

“काचेला बोट नको! माफ कर, सवय आहे. बोटांचं तेल वाईट. काच त्याहून वाईट. फोटो काचेला कधी टेकू द्यायचा नाही, दमटपणाने चिकटतो, मग तो काही सुटत नाही.” खरंच, त्याच्या प्रत्येक फ्रेममध्ये फोटो आणि काच यांच्यात गव्हाच्या दाण्याएवढं अंतर होतं.

“अस्सल कसा ओळखता?” टेसने विचारलं.

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर रंग आला. त्याने पांढरे सुती हातमोजे चढवले, एक फोटो काढला आणि उलटा धरला. “चेहऱ्याकडे बघायचंच नाही. चेहरा फसवतो. पाठ खोटं बोलत नाही. ही चिकटवलेली चिठ्ठी, यात खेळाडूचं नाव. हा पहिला शिक्का, पहिल्यांदा छापला ती तारीख. नाव आणि पहिला शिक्का, बस्स. त्याच्यावर सगळी किंमत.”

“आणि हे बाकीचे शिक्के?”

“पुढे पुन्हा कधी वापरला त्याचे. ते कुणी बघत नाही.”

“व्हेरोनिकाबाईंच्या फोटोची पाठ?”

हॅरॉल्डने मोजे काढायला सुरुवात केली. एकेक बोट, फार सावकाश. “कोरी होती,” तो म्हणाला. “व्हेरोनिका कशी आहे?”

“‘माझा बाप कुठाय’ म्हणाल्या. मुलगा त्यांना डोक्याच्या डॉक्टरकडे न्यायला निघाला होता.”

हॅरॉल्ड खिडकीशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. “गुरुवारी तिने कोबी-नूडल्स केल्या होत्या का?” त्याने विचारलं. टेस म्हणाली, विचारलं नाही बुवा.

बाहेर आल्यावर वॉल्टने किल्ली फिरवली. टेसने त्याच्या मनगटावर हात ठेवला. “गाडी सुरू नको करूस. दोन मिनिटं बसू आणि परत आत जाऊ.”

“का? काय विसरलीस?”

“मी नाही. तो विसरला. फोटोला काय झालं, हे विचारायचंच विसरला.”

दार वाजवायची वेळच आली नाही. हॅरॉल्ड उंबऱ्यात उभा होता, डोळे लाल. “माहीत होतं तू परत येणार,” तो म्हणाला. “या.”

आतल्या खोलीत, मखमलीवर, जुन्या काचेसकट तो फोटो ठेवला होता. उजव्या कोपऱ्यात बुडबुडा, डाव्या कोपऱ्यात फोटो काचेला घट्ट चिकटलेला. हॅरॉल्डने तो तान्ह्या पोराला उचलावं तसा उचलून उलटा केला.

पाठीवर पिवळी पडलेली चिठ्ठी होती: ‘मिलो बेझेक, लँडर्स गॅपचा नवा पिचर.’ खाली जांभळ्या शाईचे तीन शिक्के. बारा जून एकोणीसशे चौतीस. चौदा जून. चार ऑक्टोबर.

वॉल्टने नाव पुन्हा वाचलं. मिलो बेझेक! पुढे मोठ्या लीगमध्ये नऊ वर्षं गाजवलेला, गावात ज्याच्या नावाचा रस्ता आहे तो बेझेक.

“सत्याहत्तर वर्षं,” हॅरॉल्ड म्हणाला, “ती दुसऱ्याच माणसाला बाप समजून रोज हात लावतेय. लॉरेन ही पाठ सगळ्या गावासमोर मांडणार होती. सांग, मी काय करायला हवं होतं? माझ्या धंद्यातल्या कुणालाही विचार, या फोटोला किती येतील. मला नको ते. मला फक्त तिला कळायला नको होतं. तिला डॉक्टरकडे नेतायत हे मला ठाऊक नव्हतं, देवाशपथ. तिच्यासमोर बसून जेवायचं धैर्य होईना, म्हणून गेलो नाही.”

“या फोटोकडे तुम्ही वीस वर्षं तिच्या भिंतीवर बघताय,” टेस म्हणाली. “बेझेकचे तुमच्याकडे डझनभर फोटो असतील. कधी वाटलं हा बेझेक आहे?”

“नाही. पण पाठ पाहिली, आणि चेहराच बदलला.”

टेस तिन्ही शिक्क्यांवरून पुन्हा एकदा नजर फिरवत होती. मग सरळ उभी राहिली.

“आज गुरुवार आहे. सहा वाजता जेवायला या. हा घेऊन या.”

“टेस, मी तिला हे तोंडाने सांगू शकत नाही!”

“तुम्ही नका सांगू. मी आहे.”

मग ती लायब्ररीत गेली ती तासभर. वॉल्ट गाडीत बसून राहिला. डुलकी काढावी म्हटलं तरी डोळा लागेना. एखादी गोष्ट न सांगण्यातच शहाणपण असतं, हे टेसला कुणीतरी शिकवायला हवं होतं, असं त्याला वाटत होतं. पण पालथ्या घड्यावर पाणी!

*

स्वयंपाकघरात लोण्यावर परतलेल्या कोबीचा वास भरला होता. जीन आणि लॉरेन शेजारी शेजारी बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे. हॅरॉल्ड दाराशी, हातात पुडकं, बसायला तयार नाही. वॉल्टने ताटात वाढून घेतलं.

“आधी चोरी,” टेस म्हणाली. “नकला कुणालाही मिळत होत्या, म्हणून नकलेवरून काही कळत नव्हतं. कळलं ते फ्रेमवरून. काच का बदलली? कारण फोटो काचेला चिकटलेला होता. सोडवला असता तर फाटला असता. बेपर्वा माणसाने ओढून काढला असता. या माणसाने काचेसकट जपून नेला. मग त्या चार पट्ट्या. जीनच्या घरचा लग्नाचा फोटो काचेला चिकटून खराब झालाय. लॉरेनच्या शंभर फ्रेमांत एक पट्टी नाही. फोटो काचेला टेकू द्यायचा नाही ही ज्याच्या हाताची सवय आहे, त्याला नक्कलसुद्धा तशी टेकवून ठेवणं जमलं नाही. पाहणाऱ्याला फसवायला निघाला, पण फोटोशी वाईट वागणं त्याच्याच्याने होईना.”

व्हेरोनिकाबाईंनी मान दाराकडे वळवली. “हॅरॉल्ड?”

“मी,” हॅरॉल्ड म्हणाला.

“मेल्या! मागितला असतास तर मेल्यावर तुलाच ठेवला असता.”

“त्यांना नको होता,” टेस म्हणाली. “बाई, आता जरा धीराने ऐका. पाठीवर दुसऱ्याचं नाव आहे. मिलो बेझेक.”

जीन उठायला लागला. लॉरेनने तोंडावर हात ठेवला. वॉल्टने मनातल्या मनात टेसला शिव्या घातल्या. व्हेरोनिकाबाई मात्र हलल्या नाहीत, फक्त त्यांचा अंगठा टेबलाच्या कडेवर काहीतरी शोधत राहिला.

“म्हणजे ते नव्हेत,” त्या अगदी हळू म्हणाल्या.

“हॅरॉल्डना तसंच वाटलं, म्हणून हा सगळा उपद्व्याप. ते नाव बघतात आणि पहिला शिक्का बघतात. संग्राहक सगळे तसंच करतात, किंमत त्यावरच ठरते. बाकीचे शिक्के कुणी बघत नाही. मला किंमत ठरवायची नव्हती, म्हणून मी तिसरा बघितला. चार ऑक्टोबर. खाण कोसळली दोन तारखेला. चार तारखेला पेपरात काय छापलं असेल? मेलेल्यांचे फोटो. बेझेक तर जिवंत होता, त्याचा फोटो त्या दिवशी कशाला बाहेर काढतील? आणि त्यानंतर एकही शिक्का नाही. बेझेक पुढे नऊ वर्षं गाजला. त्याचा फोटो असता तर ‘लँटर्न’ने शंभरदा छापला असता. आपल्या सर्वांत मोठ्या खेळाडूचा फोटो कोण एका विधवेच्या हातात देऊन टाकेल?”

हॅरॉल्डने भिंतीला हात टेकला. “चिठ्ठी चुकीची,” तो पुटपुटला.

“चिठ्ठी चुकीची. बारा जूनला त्यांनी हा बेझेक म्हणून छापला. दोघंही पिचर, दोघंही उंच, दोघांना तोच साधा गणवेश. ऑक्टोबरात छापला तो अँड्रू हुदाक म्हणून, मी लायब्ररीत जुन्या अंकांत स्वतः पाहिला. चिठ्ठी मात्र पक्क्या गोंदाची होती. ती कुणी खरवडली नाही.”

“पण ऑक्टोबरात बरोबर आणि जूनमध्ये चूक, हे कशावरून?” जीनने विचारलं. “उलटंही असेल.”

“असतं. म्हणून मधला शिक्का. पहिल्याच्या दोन दिवसांनी तोच फोटो पुन्हा कोण छापतं? ज्याला चूक दुरुस्त करायची असते तो.” टेसने पर्समधून घडी केलेला कागद काढला. “चौदा जूनचा अंक. वाचते.”

तिने चष्मा लावला.

“‘परवाच्या अंकात बेझेक म्हणून छापलेला फोटो वस्तुतः श्री. अँड्रू हुदाक यांचा आहे. काल सकाळी हुदाक रात्रपाळीवरून परस्पर आमच्या कचेरीत आले. खांद्यावर त्यांची साडेतीन वर्षांची मुलगी होती, खाणीच्या फाटकापाशी आईसोबत त्यांना न्यायला आलेली. बेझेकला यश मिळो, पण घरच्यांना दाखवायला आपला फोटो आपल्या नावाने हवा, एवढंच त्यांचं म्हणणं. फोटोत चेहरा सावलीत आणि समोर हुदाक कोळशाने माखलेले, त्यामुळे आमच्या छायाचित्रकाराची खात्री पटेना. तेव्हा हुदाक यांनी मुलीला टेबलावर उभं केलं आणि फोटो तिच्यापुढे धरला. मुलीने फोटोवर हात ठेवला आणि म्हणाली, तातो, म्हणजे त्यांच्या बोलीत बाबा. वाचकहो, याहून मोठा पुरावा आमच्याजवळ नाही. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’”

वॉल्टने खिशातला रुमाल काढला आणि नाक शिंकरायचं निमित्त केलं.

“माणूस ओळखायचं काम,” टेस म्हणाली, “तुम्ही तेव्हाच केलं होतं, बाई. आम्ही सगळे उशिरा आलो.”

“मी त्यांच्या खांद्यावर होते?” व्हेरोनिकाबाईंनी विचारलं.

“होतात.”

“आणि त्यांनी मला विचारलं.”

“तुम्हालाच.”

बाईंच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. एक्क्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात बापासोबतची एवढी एकच सकाळ त्यांच्या वाट्याला आली होती, आणि ती आज संध्याकाळी आली. त्यांनी हात पुढे केला, खुर्ची चाचपली आणि आपल्या शेजारी ओढली.

“हॅरॉल्ड, बस इथे. ताट गार होतंय. आणि तो कागद घे तिच्याकडून. माझ्या डोळ्यांना दिसत नाही, तू वाच.”

हॅरॉल्ड बसला. त्याने कागद दिव्याकडे धरला. “सुरुवातीपासून?”

“नको,” व्हेरोनिकाबाई म्हणाल्या. “खांद्यावरपासून.”